चौरस मीटरभर धापोडे

तमाम वाचकांस, विशेषतः गणिताचं नाव काढताच ज्यांना घाम फुटतो त्यांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्रस्तुत प्रकरणात एक चौरस फूट आणि एक चौरस मीटर यांची समोरासमोर गाठ पडणार असून, या ऐतिहासिक भेटीस एक बॉयलर, एक शेटजी, पुण्याहून आलेले एक मॅनेजर आणि माझ्या मायनं उन्हात घातलेले ज्वारीचे धापोडे जातीनं हजर राहतील. आत्मचरित्रात ज्यांना प्रेमभंग, कोर्टकज्जे आणि मोठ्या लोकांच्या ओळखी लागतात त्यांनी खुशाल पुढचं प्रकरण उघडावं, मी रागावणार नाही. मात्र माझ्या आयुष्यातल्या गंभीर प्रसंगांची बैठक भरली, तर पहिल्या रांगेत मी हाच प्रसंग बसवीन. माझं लग्न दुसऱ्या रांगेत आहे. हे माझ्या यजमानांना ठाऊक आहे आणि त्यांनी ते हसून सोडून दिलं आहे.

आम्ही खामगावात एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, आवारात राहत होतो. कामगारांच्या खोल्यांची लांब रांग होती आणि तिच्यातलं शेवटचं बिऱ्हाड आमचं. शेवटचं म्हणजे बॉयलरघराला चिकटलेलं. आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत आणि बॉयलरघराची भिंत एकच, त्यामुळे कापसाच्या हंगामात ती भिंत सकाळ-संध्याकाळ ऊन असायची. मायचा अर्धा संसार त्या भिंतीवर चालायचा. दह्याचं गाडगं जमिनीलगत, कारण तिथं नुसतं कोमट. ओले कपडे वरच्या खुंट्यांवर. आणि मधल्या कोनाड्यात आंबवायला ठेवलेलं पीठ, जे दुसऱ्यांच्या घरी दिवस घ्यायचं ते आमच्याकडे बाबांची पाळी संपायच्या आत फुगून झाकण ढकलायचं. थंडीत रांगेतली सगळी पोट्टी येऊन त्या भिंतीला पाठ लावून ओळीनं उभी राहायची आणि माय त्यांच्या हातावर चून-भाकरीचा तुकडा ठेवायची. घरात कापसाचे तंतू उडायचे, वरणात पडायचे, आम्ही ते बोटानं काढून जेवायचो. सरकीचा तेलकट वास, पट्ट्यांची थपथप, जिनांची घरघर, आणि मध्येच भोंगा. भोंगा झाला की बोलणं अर्ध्यावर थांबवायचं आणि तो संपला की त्याच शब्दापासून पुढं न्यायचं, ही आमच्या घरची रीत. आजही माझ्या वर्गाशेजारून ट्रक गेला की मी खडू हवेत धरून थांबते आणि मुलं एकमेकांकडे बघतात.

बाबा बॉयलरचे मिस्त्री होते. पाळीवरून आले की हातपाय धुवायच्या आधी ते त्या भिंतीला तळहात लावायचे. पुढच्या पाळीचा माणूस आग कशी ठेवून आहे ते त्यांना तिथून कळतं, असं त्यांचं म्हणणं. खरंच कळायचं की नाही कोण जाणे, पण कधी कधी भाकरीचा घास हातात असताना उठायचे आणि कोळसा जास्त झाला म्हणत तरातरा निघून जायचे. मायचा त्यावर फार राग. या माणसाचं लग्न माझ्याशी लागलं आणि संसार मात्र भिंतीपलीकडचीशी चालू आहे, असं ती शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची. हंगाम संपून आग विझली आणि भिंत गार पडली की मात्र तिलाही करमायचं नाही. घरातलं कुणी गावाला निघून गेल्यासारखं वाटायचं.

ती शेजारीण म्हणजे शेवंताकाकू. बाबा मूळचे सुलतानपूरचे. भावांच्या वाट्यात न पुरणारी शेती सोडून ते खामगावला आले तेव्हा त्यांच्यासोबत गावातलाच त्यांचा जोडीदार होता, किसनकाका. दोघं आगवाले म्हणून लागले. आगवाला म्हणजे भट्टीच्या दारात उभा राहून फावड्यानं कोळसा मारणारा. दोघांची लग्नं एकाच वर्षी झाली, दोघांना शेजारशेजारच्या खोल्या मिळाल्या. किसनकाका भट्टीच्या उजेडात नाटकातल्या राजासारखे दिसायचे, एवढंच मला आठवतं. मला खांद्यावर घेऊन ते राजासारखं बोलूनही दाखवायचे. माझ्यातला नाटकीपणा त्यांच्याकडून आला, असं माय म्हणते. असेल.

मी लहान असताना एका हंगामात कापसाच्या गाठी दाबायचं काम मागं पडलं. रेल्वेचे डबे येऊन उभे होते. त्या वेळी जे मॅनेजर होते त्यांनी आग वाढवायला सांगितलं, आणि वाढवत नेली. त्या दुपारी भट्टीच्या वरचा पत्रा दबून फाटला आणि उकळतं पाणी वाफेसकट भट्टीच्या दारातून बाहेर आलं. दारात किसनकाका होते. बाबा हातगाडी घेऊन बाहेर आवारातल्या कोळशाच्या ढिगाकडे गेलेले. बॉयलरला बाहेरून एक काचेची नळी असते, आतलं पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. चौकशी झाली आणि ठरलं की काचेत पाणी नव्हतं, किसनचं लक्ष नव्हतं. बाबांना विचारलं तेव्हा मी बाहेर होतो एवढंच ते बोलले. तेही खोटं नव्हतं. शेवंताकाकूला सरकी झाडायचं काम मिळालं आणि खोली राहू दिली. पण नळावर भांडण पेटलं की रांगेतल्या बायका तिला शेवटी एकच टोमणा मारायच्या, की तुझ्या नवऱ्यानं पाणी पाहिलं असतं तर. ती भरलेली घागर उचलून निघून जायची. आमच्या घरी हा विषय निघाला की बाबा उठून अंगणात जात. माणूस वारला त्याचं दुःख, एवढाच अर्थ मी तेव्हा लावत होते.

त्या अपघातानंतर एका म्हाताऱ्या इंजिनिअरनं बॉयलर दुरुस्त केला आणि बॉयलरघराच्या भिंतीवर पांढऱ्या रंगात एक ओळ रंगवून घेतली. इंग्रजी ओळ होती, पण बाबांना ती तोंडपाठ होती. पाच हजार बिटू, फुटाले, तासाले. बी.टी.यू. हे उष्णतेचं इंग्रजी माप. बाबांच्या तोंडी त्याचा बिटू झालेला. अर्थ असा की भट्टीच्या पत्र्याच्या एका चौरस फुटातून एका तासात पाच हजार बिटू उष्णता पाण्यात गेली पाहिजे, त्याहून जास्त नाही. जास्त रेटली तर पत्रा ती पाण्याला देऊ शकत नाही, स्वतःच तापत जातो, आणि मऊ पडतो. त्यातून खामगावचं पाणी जड, त्याचा चुना पत्र्यावर थरानं बसायचा. बाबा त्या ओळीच्या खाली उभे राहून आगवाल्यांना कामाला लावत. देवळात जसं आधी घंटेला हात लावतात तसं ते आधी त्या ओळीकडे बघत.

मी कॉलेजात विज्ञानाच्या पहिल्या वर्गात होते तेव्हा नवीन बॉयलर आला. परदेशी बनावटीचा, सोबत आग फुलवायला विजेचा पंखा. हंगाम संपला होता, जुना बॉयलर काढून त्या जागी तो बसवला. त्याच्या कपाळावर पितळेची पाटी होती आणि पुण्याहून आलेल्या नव्या मॅनेजर साहेबांनी ती आमचे मालक शेटजी यांच्यासमोर वाचून दाखवली: चौदा हजार किलोकॅलरी, दर चौरस मीटरला, दर तासाला. आता ते दिवस मापं बदलण्याचे होते. शेर जाऊन किलो आला होता, गज जाऊन मीटर, मण जाऊन क्विंटल. खामगावच्या बाजारानं त्यातून स्वतःपुरता एक नियम काढला होता, की नवं माप मोठं म्हणून नव्या मापात आकडा लहान होतो. आडत्यापासून हमालापर्यंत सगळे त्या नियमावर चालत. मैलाचा किलोमीटर तेवढा उलटा वागायचा, पण कापसाच्या बाजारात मैल कोण विकतो? आणि इथं तर नव्या मापात आकडा वाढला होता. पाच हजारांचे चौदा हजार. म्हणजे हे यंत्र तिप्पट आग सहज पेलतं, उलट तिप्पटच्याही वर असेल, कारण नव्या मापात आकडा मुळात घटलेला असणार, असं बाबांनी मनाशी ठरवलं. मॅनेजर साहेब त्यांच्याही पुढं गेले. एका किलोकॅलरीत चार बिटू असतात हे त्यांना माहीत होतं. त्यांनी जागच्या जागी चौदा हजारांना चारानं गुणलं, छप्पन्न हजार आले, आणि त्यांनी शेटजींना सांगितलं की नवा बॉयलर जुन्याच्या अकरापट आहे. शेटजींनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. मॅनेजर साहेब भले गृहस्थ होते, पोरीला विज्ञान घेऊ द्या असं बाबांना त्यांनीच समजावलं होतं; म्हणून मी या ठिकाणी जास्त हसणार नाही. अकरापट कोळसा मारायला माणसं कुठून आणायची हा प्रश्न निघाला आणि शेवटी तिपटीवर तडजोड झाली. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर बॉयलरची पूजा करायची, आणि सगळ्यांच्या देखत तिप्पट आग लावून दाखवायची. ते काम बाबांचं. त्यानंतर हेडमिस्त्रीची जागाही त्यांचीच.

बाबा त्या दिवसांत इतके आनंदात होते की मायला काळजी वाटू लागली. ते अंघोळीला गाणं म्हणायचे. एका संध्याकाळी शेवंताकाकू दाराशी तांदूळ निवडत बसली होती, तिच्यापुढं जाऊन ते उभे राहिले. म्हणाले, "वहिनी, हे मशीन त्या वक्ताले असतं तं..." आणि वाक्य सोडून देऊन घरात आले. तेव्हा मला त्यांच्या आनंदाचा थांग लागला. जागेचा किंवा पगाराचा तो आनंद नव्हता. ज्याच्या दारात उभं राहायला माणसानं भ्यायचं कारण नाही असं यंत्र त्यांच्या हयातीत आलं होतं.

अशा वेळी मी गणित करायला बसले. शहाणपणा म्हणून नव्हे, लाडात. बाबांना नक्की आकडा सांगायचा होता, की तिप्पट काय, साडेतीनपट. आमच्या सरांची शिकवण अशी की एकक बदलताना त्याचा प्रत्येक अवयव वेगळा सोडवायचा. मी किलोकॅलरीचे बिटू केले, मॅनेजर साहेबांसारखेच छप्पन्न हजार आले. तास दोन्हीकडे तोच. राहिला चौरस मीटर. एका चौरस मीटरमध्ये पावणेअकरा चौरस फूट बसतात, तेव्हा ही छप्पन्न हजारांची उष्णता त्या पावणेअकरा फुटांना मिळून आहे. एका फुटाच्या वाट्याला किती, तर भागायला हवं. भागलं. पाच हजार दोनशेच्या आसपास आले. मी पाटी पुसली. पुन्हा केलं. उलट्या बाजूनं केलं, पाच हजारांपासून सुरुवात करून नव्या मापात नेलं, तेव्हा साडेतेरा हजार आले. कुठूनही गेलं तरी नवा बॉयलर जुन्याएवढाच निघत होता. मी हयातभर मुलांना हे रूपांतर शिकवत आले आहे, आणि फळ्यावर तो भागाकार करताना हटकून माझा हात जड होतो. उत्तर चुकावं म्हणून मी आयुष्यात एकदाच मनापासून नवस बोलले, तो त्या दिवशी.

जेवताना मी बाबांना सांगितलं. आमच्या घरी बाबांना कुणी चूक म्हणत नसे, ती सोय फक्त मायला होती. बाबांनी भाकरी मोडायची थांबवली आणि शांतपणे विचारलं, "कंपनीवाले येडे हायेत का वं वच्छे? आकडा तिप्पट लिहून राह्यले अन् आग तेवढीच?" मी एकक, अवयव, दर चौरस मीटर असं बरंच बोलले. ते ऐकत होते पण त्यांच्या चेहऱ्यावर दार लावल्यासारखं झालं होतं. शेवटी ते म्हणाले की पुस्तकातलं वेगळं आणि भट्टीतलं वेगळं, आणि ताटातलं बेसन तसंच ठेवून उठले. मला रडू आलं ते त्यांनी ऐकलं नाही म्हणून नाही. परवाच्या मुहूर्ताला त्या दारात दोन तरणे आगवाले फावडी घेऊन उभे राहणार होते, आणि मला दोघांचीही नावं माहीत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी माय अंगणात धापोडे घालत होती. धापोडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे मोठे पातळ पापड, चीक शिजवून कापडावर पसरतात आणि कडक वाळवतात. मायचे धापोडे रांगेत प्रसिद्ध, एकेक चांगला फूटभर रुंद. आदल्या दिवशीचे वाळलेले ती काढून रचत होती. मी तोंड पाडून बसलेली तिला बघवेना. ती म्हणाली की तुझा तो मीटर मला दाखव तरी, केवढा असतो. बॉयलर बसवणाऱ्या लोकांनी बाबांना एक पोलादी टेप दिला होता, एका कडेला इंच आणि दुसऱ्या कडेला सेंटिमीटर. मी तो घेतला आणि सारवलेल्या अंगणात रांगोळीनं एक चौरस मीटर आखला. शेजारी एक चौरस फूट आखला. मायनं फुटात एक धापोडा ठेवला. धापोडा गोल आणि फूट चौकोनी, पण शास्त्राला एवढं चालवून घ्यावं लागतं. मग मीटरमध्ये ती धापोड्याला धापोडा लावत गेली. तीन ओळी तीनतीनच्या, नऊ झाले, आणि दोन बाजूंना पट्टी उरली. मी म्हटलं, मोड. तिला जीवावर आलं, चांगला धापोडा मोडायचा म्हणजे काय. तरी तिनं दोन मोडले आणि तुकडे बसवले, पावणेदोन धापोड्यांपुरती जागा होती, एक पाव तुकडा उरला तो तिनं खाऊन टाकला.

बाबा केव्हा येऊन मागं उभे राहिले आम्हाला कळलं नाही. माय कंबरेवर हात ठेवून त्या दोन चौकोनांकडे बघत होती. ती जे बोलली ते कुणाला शिकवायला नव्हे, तिला खरोखरच नवल वाटलं होतं. "हितं एक, अन् हितं पावनेअकरा," ती म्हणाली. "पन दाट तं कुठंच नाई झाले."

बाबा खाली बसले. उन्हानं तापलेल्या अंगणात चवड्यावर बसून ते किती वेळ बघत होते. एकदा त्यांनी मधला एक धापोडा उचलला, त्याखालच्या जागेकडे पाहिलं, परत तिथंच ठेवला. मग फुटातला एकटा धापोडा उचलून तसंच पाहिलं. फुटामागे एक धापोडा इथंही आणि तिथंही. आकडा वाढला होता तो चौकोन मोठा म्हणून, धापोडे दाटीनं बसले म्हणून नाही. बाबा उठून घरात गेले. मी दारातून बघितलं. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी मागच्या भिंतीला तळहात लावला होता. भिंत गार होती, पलीकडं आग नव्हतीच. तरी ते हात लावून उभे होते. ते आता काय करणार हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही आणि विचारायची आमची छाती झाली नाही. शेटजींना दिलेला शब्द होता, हेडमिस्त्रीची जागा होती, आणि सगळ्या जिनिंगला तिप्पट-तिप्पट सांगून झालं होतं.

आखाजीला सकाळपासून हलक्या आगीवर वाफ धरून ठेवली होती. बॉयलरला आंब्याच्या पानांचं तोरण, पितळी पाटीला हळदकुंकू. रांगेतल्या सवाष्णी एकेक करून कुंकू लावून आल्या. शेवंताकाकू आत आणून टाकलेल्या कोळशाच्या ढिगापाशी मागं उभी होती, पदर तोंडाला लावून. अपघातानंतर बॉयलरघरात तिनं पाऊल टाकलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. नारळ फुटला, चिरंजीचा प्रसाद वाटला गेला, आणि दोघे आगवाले फावडी घेऊन भट्टीच्या दाराशी आले. शेटजींनी हसून बाबांना खूण केली. लगाव मिस्त्री, तिप्पट.

बाबा त्या दोघांच्या आणि भट्टीच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

"नाई होत, शेटजी," ते म्हणाले.

जरा कुजबुज झाली. मॅनेजर साहेबांना वाटलं मिस्त्री घाबरले. ते जवळ येऊन समजुतीच्या आवाजात म्हणाले, "अहो मिस्त्री, आकडा आपण काढलेला नाही. कंपनीनं पाटीवर लिहून दिलाय." बाबांनी मान हलवली. आकडा बरोबर आहे, म्हणाले. मग मॅनेजरना सोडून ते शेटजींकडे वळले, कारण शेटजी बाजारातला माणूस. "शेटजी, तेलाचा सेराचा भाव तुमी किलोत सांगतला, तं आकडा वाढते. मंग काय तेल महाग झालं का? तो जुना भाव फुटाचा होता. हा मीटरचा हाये. माल तोच, आग तेवढीच." शेटजींचे ओठ हलू लागले. तोंडी हिशेबात त्यांचा हात धरणारा बाजारात कुणी नव्हता. मीटरमध्ये फूट किती एवढंच त्यांनी विचारलं आणि डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तेव्हा त्यांचं हसू गेलं होतं. मॅनेजर साहेबांकडे बघून ते हळूच म्हणाले की भाव तर तोच निघतोय.

मॅनेजर साहेब लाल झाले. पण माणूस सरळ, त्यांनी वाद घातला नाही. एवढ्या लोकांसमोर मुहूर्त फुकट जाऊ नये म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला. तिप्पट नको, थोडी वाढवून बघू. दाब चढला तर वाफ सोडून द्यायला सेफ्टी व्हॉल्व्ह आहे, आणि पाण्याची काच समोरच आहे, पाणी घटलेलं दिसलं की लगेच पंखा बंद. शेटजींनाही ते पटल्यासारखं दिसलं. आगवाल्यांतल्या एकानं फावडं कोळशात घातलं.

पुढचं मी अनेकदा अनेकांना रंगवून सांगितलं आहे, हातवारे करून, बाबांचा आवाज काढून. नंतर मॅनेजर साहेब आमच्या घरी आले, अंगणात मांडी घालून बसले आणि धापोडे पुन्हा मांडायला लावले, हे सांगते. जाताना त्यांनी मोडलेल्या धापोड्यांचे तुकडे कागदात बांधून नेले आणि माय चार दिवस त्यावर हसली, हे सांगते. पंखा त्या वर्षी हद्दीच्या पुढं कधी गेला नाही आणि बाबा तरीही हेडमिस्त्री झाले, हेही सांगते. लोक हसतात, आणि मी तिथंच थांबते. पण ते सगळं नंतरचं. त्या सकाळी बाबांनी वाकून आगवाल्याच्या हातातलं फावडं धरलं, आणि त्यांना अडवायला दुसरं काहीच हाताशी उरलं नव्हतं म्हणून जे होतं ते बोलले. आवाज चढवला नाही.

"व्हॉल फक्त दाब पायते, साहेब. काच फक्त पानी पायते. पत्रा किती तापला ते पायनारं हितं कोनी नाई. आग हद्दीच्या वर गेली, तं काच काठोकाठ भरेल असली तरी पत्रा जळते. कोळसा आनाले बाहीर निंगालो तवा ती काच म्या माह्या डोळ्यानं पाह्यली हाये."

फावडं खाली आलं. शेटजी बाबांकडे बघत होते, माय बघत होती, आणि बाबा कुणाकडेच बघत नव्हते. त्यांची नजर त्या काचेच्या नळीवर होती. मागं कोळशाच्या ढिगावरून खडे घरंगळले. शेवंताकाकूच्या तोंडावरचा पदर सुटला होता. इतकी वर्षं नवऱ्याच्या नावाचा टोमणा ऐकून नळावरून घागर उचलून गुपचूप निघून जाणारी ती बाई, त्या भरल्या घरात, शेटजींच्या देखत, मोठ्यानं बोलून गेली:

"म्हंजे त्या दिवशी यायच्या काचात पानी होतं, भावजी!"